स्वाकोपमुंड ते पाल्मवाग, स्केलेटन कोस्टवरून एका दिवसात: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैत चौघं जण नामिबियाला जाताय, भाड्याच्या गाडीने स्वाकोपमुंड या किनाऱ्यावरच्या शहराहून किनाऱ्या-किनाऱ्याने स्केलेटन कोस्ट पार्कातून आतल्या भागातल्या पाल्मवागला एका दिवसात पोचायचंय. फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) लागेलच का, आणि डिझेल-पाणी किती घ्यायचं?

एका दिवसात होतं. पण या रस्त्यावर सगळं ठरतं ते फाटकाच्या वेळेवर आणि टायरमधल्या हवेवर. फोर बाय फोरचा नंबर त्यानंतर.

आधी वेळेचा हिशोब. एकूण अंतर साधारण 450 किमी. पार्क नुसता ओलांडणाऱ्यांना दक्षिणेकडच्या उगाबच्या फाटकातून दुपारी 3 च्या आत शिरावं लागतं आणि संध्याकाळी 5 च्या आत पूर्वेकडच्या स्प्रिंगबॉकवासरच्या फाटकातून बाहेर पडावं लागतं. परवाना फाटकावरच मिळतो. पण 3 ची वेळ कागदावरची समजा. उगाबपासून स्प्रिंगबॉकवासर दीडशे किमीच्या आसपास आहे आणि तिथून पाल्मवाग आणखी शंभरेक किमी. जुलैत सूर्य उगवतो साडेसातनंतर आणि मावळतो साडेसहाच्या सुमारास. अंधारात खडीच्या रस्त्यावर गाडी चालवायची नाही: जनावरं आडवी येतात आणि बहुतेक भाडेकरारांत रात्रीच्या अपघाताला विमा नसतो. म्हणून उजाडताच निघा, उगाबला साडेअकरापर्यंत पोचा आणि साडेतीनला स्प्रिंगबॉकवासर सोडा. वाटेतली केप क्रॉसची सील प्राण्यांची वसाहत याच दिवशी उरकायचा मोह टाळा. ती आदल्या दिवशी स्वाकोपमुंडहून जाऊन-येऊन बघा, एका बाजूने जवळजवळ 120 किमी आहे.

आता रस्ता. किनाऱ्याचा सी 34 बऱ्याच भागात मिठाचा रस्ता आहे. जिप्समच्या मातीवर खारं पाणी मारून दाबलेला, कोरडा असताना डांबरासारखा काळपट आणि गुळगुळीत. त्यामुळेच माणूस फसतो. बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह किनाऱ्यावर धुकं आणतो, सकाळी ते रस्त्यावर बसतं आणि वरचा थर साबण लावल्यासारखा निसरडा होतो. दिवे लावा, 60 च्या पुढे जाऊ नका, ब्रेक हलके दाबा, वळणावर तर नकोच.

पुढे खडी सुरू होते. चाकांच्या वाटांच्या मधोमध आणि कडेला सुट्या खडीचा वरंबा साचतो, शेतातल्या सरी-वरंब्यासारखाच. चाक वरंब्यावर चढलं की गाडी ओढली जाते, चालक घाबरून स्टिअरिंग उलट फिरवतो आणि गाडी उलटते. इथले बरेचसे गंभीर अपघात समोर दुसरी गाडी नसताना असेच होतात. गाडी ओढली गेली तर पाय अॅक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक नको. वेग 80 च्या आत. नामिबियात आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, म्हणून पहिल्याच तासात सगळं जमल्यासारखं वाटतं. तेव्हाच जास्त सांभाळायचं.

टायर. डांबरावर 33-35 पीएसआय असेल तर खडीवर 26-28 ठेवा. गाडीच्या कागदांत वजनानुसार आकडे दिले असतील तर ते पाळा. हवा थोडी कमी असली की टायर टोकदार दगडावर दबतो, फाटत नाही. फार कमी करून वेगात गेलात तर बाजूची भिंत तापून फुटते. हवा सकाळी टायर थंड असतानाच मोजा. बाजूच्या भिंतीला चीर गेली तर पंक्चरची दोरी उपयोगाची नाही, म्हणून स्टेपन्या दोन हव्यात.

गाडी ताब्यात घेतानाच, कंपनीच्या आवारात, एक स्टेपनी खाली उतरवून बघा. हायलक्ससारख्या पिकअपमध्ये ती मागच्या हौद्याखाली साखळीला लटकलेली असते आणि बंपरवरच्या भोकातून लांब दांडा घालून फिरवावी लागते. तो दांडा, पाना, नटांना कुलूप असेल तर त्याची चावी, जॅक आणि जॅकखाली ठेवायला एक ते दीड फुटाची चौकोनी फळी: यातलं एक जरी नसलं तरी दोन स्टेपन्या असून उपयोग नाही. चाक बदलताना गाडी सपाट, घट्ट जागी घ्या, हँडब्रेक ओढा, दुसऱ्या चाकांना दगड लावा. जॅक चढवण्याआधी नट अर्धा फेरा सैल करा, बसवताना समोरासमोरचे आवळा आणि 50 किमीवर पुन्हा आवळा.

फोर बाय फोर: मुख्य रस्त्यावरच राहणार असाल तर सक्ती नाही. तरी मी उंच डबल कॅबच (सीटांच्या दोन ओळी असलेली पिकअप) घ्यायला सांगेन, कारण चौघांचं सामान, जाड टायर आणि दुसरी स्टेपनी तिच्यातच नीट बसते.

डिझेल हेंटीस बे या स्वाकोपमुंडच्या उत्तरेच्या गावात टाकी काठोकाठ भरून घ्या. तिथून पाल्मवाग 380 किमी, लिटरला 8 किमी धरलं तर 48 लिटर. पार्कातल्याच टेरेस बेला जाऊन आलात तर शंभर किमी वाढतात, म्हणजे 60. 80 लिटरच्या टाकीत हे बसतं. रोख नामिबियन डॉलर किंवा रँड जवळ ठेवा. दोन्ही तिथे सारख्याच किमतीने चालतात. पाणी माणशी रोज 5 लिटर, दोन दिवसांचं: चौघांना 40. हेंटीस बेनंतर फोनला रेंज धरून चालू नका. नकाशे उतरवून ठेवा आणि मुक्कामाच्या ठिकाणी पोचण्याची वेळ कळवून निघा.

रस्ता सोडून गाडी कुठेही घालू नका. कडेला जमिनीवर राखाडी, वाळक्या पापुद्र्यांसारखं दिसतं ते दगडफूल आहे, जिवंत. त्यावर चार थेंब पाणी टाका, काही मिनिटांत ते उलगडतं आणि हिरवट होतं. धुक्याच्या ओलीवर ते जगतं आणि फार हळू वाढतं. एका गाडीची चाकोरी तिथे अनेक दशकं दिसत राहते. किनाऱ्यालगतच्या पांढऱ्या खारवटीवरही जाऊ नका. वरचा पापुद्रा टणक, खाली चिखल.

तिथल्या हिवाळ्यात (जुलै त्यातच येतो) कधीकधी पूर्वेकडून गरम वारा सुटतो आणि वाळूचे लोट घेऊन येतो. गाडीची पाठ वाऱ्याकडे करून थांबा. काच आणि रंग वाळूने खरवडला गेला तर तो खर्च बऱ्याच विम्यांत येत नाही, तसंच टायर आणि गाडीचा खालचा भागही. करारात या तीन गोष्टी वेगळ्या विचारा.

पाल्मवागला जनावरांच्या रोगनियंत्रणाचं कुंपण आहे. उत्तरेकडून दक्षिणेला कच्चं मांस नेता येत नाही, त्यामुळे परतीच्या आधी ते संपवा. आणि गाडी परत देण्याआधी खालून दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या. मिठाच्या रस्त्याचा चिखल ब्रेकच्या नळ्यांवर आणि चाकांच्या आतल्या बाजूला दगडासारखा चिकटून बसतो.