जायचं ठरलं ते ठीक, पण यायचं कसं?

बाय,

तुझा मेसेज वाचला. पाच जण, अठ्ठावीस फुटी बोट, शुक्रवारी सकाळी पणजीहून निघून पाळोळे, शनिवारी तिथे मजा, रविवारी संध्याकाळी घरी आणि सोमवारी सगळे ऑफिसात. मला हसू आलं, कारण हाच प्लॅन वीसेक वर्षांपूर्वी मी केलेला, दिवससुद्धा हेच.

तुला बोट हाकता येते यात मला शंका नाही. तुझ्या प्लॅनमध्ये जाण्याबद्दल दहा ओळी आहेत नि येण्याबद्दल एकच, तिथे माझं घोडं अडलंय.

शाळेत खारे वारे मतलई वारे पाठ केलेलं ना, मार्कांपुरतं? डिसेंबर-जानेवारीत आपल्या किनाऱ्यावर तेच चालतं. रात्री उशिरा जमिनीकडून मतलई सुटतो, सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो, मग तासदोन तास कोणीतरी पंखा बंद केल्यासारखं होतं, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा भरायला लागतो, तो सूर्य बुडेपर्यंत. आता नकाशा घे. मांडवीच्या तोंडापासून पाळोळे साधारण 32 सागरी मैल, दक्षिणेला, थोडं आग्नेयेकडे झुकून, म्हणजे जाताना दुपारचा वारा पाठीवर येतो, पाच नॉटने (तासाला पाच सागरी मैल) सहा-सात तासांत पोचता, सगळ्यांना वाटतं सेलिंग म्हणजे काय सोप्पं असतं. येताना तोच वारा थोबाडावर. शिडाच्या बोटीला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाताच येत नाही, टॅक करत नागमोडी जायचं, त्या 32 मैलांचे 45-50 होतात, लाटा समोरून, आणि आत बसलेल्यांना बोट लागते. जाताना सहसा लागत नाही, येताना लागते हे लक्षात ठेव, आवळा सुपारी आणि आलेपाक परतीसाठी राखून ठेव.

आम्ही काय केलं सांगतो. रविवारी आरामात उठलो, बीचवर नाश्ता, अकराला नांगर उचलला, कारण एकाला रात्रीची मुंबईची बस होती. एक वाजता वारा भरला. काब द रामच्या भूशिरासमोर आलो तेव्हा तिघं आडवे, म्हटलं आता इंजिन लावू, तर ते पंधरा मिनिटांत बंद. टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं साचलेला गाळ लाटांनी हलून फिल्टरमध्ये बसला होता आणि जादा फिल्टर कोणी आणलाच नव्हता (कोणी म्हणजे मी). शेवटी बेतूलकडे जाणाऱ्या एका ट्रॉलरच्या तांडेलाने, म्हणजे कप्तानाने, दोर फेकला. पैसे घेतले नाहीत, एवढंच विचारलं, ‘इतली घाय कोणाक आसली रे?’ सगळे ज्याची बस होती त्याच्याकडे बघायला लागले. बस अर्थातच चुकली.

म्हणून परत येताना पहाटे तीनला निघ. मतलई उजव्या अंगाने येतो, पाणी सपाट, बोट नुसती पळते, नऊ-दहापर्यंत मुरगावच्या भूशिराशी येशील. अंधारात एक जण टॉर्च घेऊन पुढे बसलाच पाहिजे, ट्रॉलरचे दिवे लांबून दिसतात पण छोट्या होड्यांना कधीकधी दिवाच नसतो, आणि जाळ्याचे बोये (तरंगते गोळे) तर जवळ आल्यावरच दिसतात. प्रोपेलरमध्ये जाळं अडकलं तर सकाळ गेली, शिवाय त्या माणसाचं जाळं फाटलं ते वेगळंच. मुरगावला मोठ्या जहाजांच्या वाटेत रेंगाळू नकोस, VHF रेडिओचा चॅनेल 16 (मदत मागायचा) चालू ठेव. मांडवीत शिरताना आग्वादजवळ वाळूचा बार, म्हणजे उथळ पट्टा, आहे, भरती चढत असताना आत ये. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असतं आणि समोरून लाट येते तेव्हा तिथे लाटा उंच उभ्या राहतात, उधाणाच्या दिवसांत जास्तच.

पण पहाटे तीन म्हणजे आदल्या रात्री पार्टी नाही. इथेच खरी गोम आहे, वारा कळतो गं, मित्र कळत नाहीत. आत्ताच, पणजीत चहा पिताना, सगळ्यांना सांग की सोमवारची सुट्टी टाका, आणि निघायचं की थांबायचं हे तू ठरवणार. मध्यरात्री किनाऱ्यावर सांगितलंस तर भांडण होईल.

नांगराचं पण बघ. संध्याकाळी खाऱ्या वाऱ्यात नांगर टाकलास की बोट किनाऱ्याच्या बाजूला लोंबते, रात्री मतलई आला की अख्खी फिरून जमिनीकडे तोंड नि समुद्राकडे शेपूट करते, आणि नांगराला उलट्या बाजूने हिसका बसतो. सुटू शकतो. सगळीकडून फिरायला जागा ठेव, शेजारच्या होड्या किती दोर सोडून उभ्यात ते बघ. आगोंद किंवा गालजीबागला थांबलात तर किनाऱ्यावर लाइट मारू नका, कासवं अंडी घालायला येतात.

तारिणी आठवते ना, ती शिडाची बोट? आपल्या दिवाडीला बांधलेली, नेव्हीच्या सहा मुली तिच्यातून 10 सप्टेंबर 2017 ला गोव्यातून निघाल्या आणि जगाला वळसा घालून 21 मे 2018 ला परत आल्या. शेवटच्या टप्प्यात, घर समोर दिसत असताना, स्टिअरिंग बिघडलं म्हणून ठरलेलं नसताना मॉरिशसला थांबल्या. दुरुस्त केलं, मग निघाल्या. तुमच्या ऑफिसला मंगळवारी कळवलं तरी चालेल गं.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर धर. लाइफ जॅकेट पाच, मोजून. कोस्ट गार्डचा नंबर 1554, पाचही जणांच्या फोनमध्ये. आईला परत यायचा वार सांग पण वेळ सांगू नकोस, नाहीतर ती मला फोन करत बसेल.

डिझेलचे दोन फिल्टर मी आणून ठेवलेत. बदलायचे कसे ते निघायच्या आधीच्या शनिवारी येऊन शिकून जा, स्वतःच्या हाताने, मी नुसता बघणार. तुझ्या नांगराचा दोर पण घेऊन ये, गेल्या खेपेला टोकाकडे कुजलेला वाटला.

काका