काडीमोड झाला, कार्डाची बाकी कुणाची?

प्रश्न : मी उदगीरला शिक्षिका आहे. क्रेडिट कार्ड माझ्या नावाचं, त्यावरचं अ‍ॅड-ऑन कार्ड (त्याच खात्यावरचं जोडकार्ड) नवऱ्याकडे होतं. मोंढ्यातलं खत-बियाणं, मोबाइल असं मिळून १,४०,००० रुपये थकले. संमतीने घटस्फोट घेताना 'कार्डाचं कर्ज पती फेडेल' असं तडजोडीत लिहिलं. तो भरत नाही, बँक मला फोन करते. असं कसं?

उत्तर : ताई, बँकेच्या बाजूने ते बरोबरच आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे अ‍ॅड-ऑन कार्डाच्या खर्चाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची. तडजोड तुम्हा दोघांतली. बँक त्यात पक्षकार नव्हती.

आज पहिल्यांदा अ‍ॅड-ऑन कार्ड रद्द करा. अ‍ॅपवरून केलंत तरी ईमेलही टाका, तारखेचा पुरावा राहतो. त्या कार्डावर कुठे ऑटो-पे (आपोआप पैसे कापले जाणं) लावलेलं असेल तर तेही काढा.

मग व्याज थांबवा. महिना ३.५ टक्के धरलं तर १,४०,००० वर ४,९०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ८८२. म्हणजे ५,७८२. तुम्ही किमान रक्कम म्हणून ७,००० भरलेत तर मुद्दल फक्त १,२१८ ने उतरतं! 'मिनिमम ड्यू' भरत राहिलं की कर्ज हलत नाही ते यामुळे. शिक्षक पतसंस्थेच्या सभासद असाल तर तिथे कर्जाचा दर विचारा. कार्डापेक्षा बराच कमी निघाला, तर ते घेऊन कार्ड एकरकमी मोकळं करा. जमत नसेल तर बँकेकडून थकबाकीचे हप्ते पाडून घ्या, पण प्रक्रिया शुल्क आधी विचारा.

बँक 'सेटलमेंट', म्हणजे कमी रकमेत हिशेब मिटवणं, देऊ करेल. थोडी सूट मिळते, पण सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे गृहकर्जाला तोच आडवा येतो. पूर्ण भरणं शक्य असेल तर पूर्णच भरा. मग कार्ड बंद करण्याचा अर्ज द्या. बाकी शून्य असताना ७ कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही, तर बँकेला दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. नो-ड्यूज (काही देणं उरलं नाही असं) पत्र मागून घ्या.

भरलेले पैसे नवऱ्याकडून वसूल करायचे. तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यात आली असेल तर त्याच कोर्टात दरखास्त (हुकूम अमलात आणण्याचा अर्ज) लावता येते. मुदत १२ वर्षं. नुसत्या स्टॅम्पपेपरवर असेल तर वेगळा दावा, तोही साधारण ३ वर्षांच्या आत. पैसे तुमच्याच खात्यातून भरा आणि स्टेटमेंट जपा. खरी अडचण त्या एका ओळीची आहे: रक्कम नाही, तारीख नाही. मसुद्यात 'अमुक रक्कम, अमुक तारखेपर्यंत, थेट कार्ड खात्यात' असं असतं, तर वाद घालायला जागा उरली नसती.

प्रश्न : माझं उलटं आहे. कार्ड नवऱ्याचं, अ‍ॅड-ऑन माझ्याकडे. घटस्फोटानंतर वसुलीवाले परभणीला माहेरी फोन करतात.

उत्तर : देणं तुमचं नाही. अ‍ॅड-ऑन कार्ड परत करून बँकेला लेखी कळवा. सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही, आणि घरच्यांना त्रास देणं तर मुळीच चालत नाही. कॉलची नोंद ठेवून बँकेकडे तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.