मुखत्यारपत्र आहे, पण चालत नाही

साताऱ्याच्या एका ताईंचं पत्र आहे. अशी पत्रं दर आठवड्याला येतात. वडील 78 वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. 2019 मध्ये त्यांनी ताईंच्या नावे मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) करून दिलं होतं. डिजिलॉकर, ईमेल, हॉस्पिटलचे रिपोर्ट सगळे वडिलांच्या मोबाइलवर, आणि मोबाइल पुतण्याकडे. तो ओटीपी सांगत नाही, आणि हॉस्पिटल मुखत्यारपत्र मानायला तयार नाही.

ताई, सगळं एका कलमावर अडलंय. भारतीय करार कायदा, 1872, कलम 201. लिहून देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की मुखत्याराचा अधिकार संपतो. ज्या दिवसासाठी तुम्ही तो कागद जपून ठेवलात, त्याच दिवशी तो निकामी होतो. निदान झालं तेव्हाच वकिलाकडे का गेला नाहीत? दोन वर्षं फुकट गेली.

तरी निदान झालं म्हणजे समज संपली असं नाही. त्याच कायद्याचं कलम 12 सांगतं की एरवी भान नसलेला माणूस भानावर असताना करार करू शकतो. म्हणून आधी डॉक्टरांना एवढंच विचारा: आज वडिलांना कळतंय का?

कळत असेल तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017, कलम 14 प्रमाणे त्यांनी तुम्हाला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमावं. साधा कागद, त्यांची सही किंवा अंगठा, बस. उपचारांची माहिती या कागदावर मागता येते, आणि समज गेल्यावरच त्याचा खरा उपयोग होतो. पैशांचे व्यवहार मात्र त्यात येत नाहीत. मोबाइल नंबर आणि पासवर्ड वडिलांनी स्वतः, तुमच्यासमोर बदलावेत.

पुतण्यावर लगेच पोलिसांत जाऊ नका. पासवर्ड वडिलांनीच दिला असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली, म्हणजे दुसऱ्याचा पासवर्ड गैर वापरण्याच्या गुन्ह्यासाठी, त्याचा अप्रामाणिक हेतू दाखवावा लागेल, आणि ते सोपं नसतं. आधी लेखी मागणी करा.

समज उरली नसेल, तर अंगठा घेऊ नका. ते पाप आहे, आणि कोर्टात टिकणारही नाही. मग वडिलांसाठी कायदेशीर पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली अर्ज करावा लागेल. त्याला किती महिने लागतील हे कोणताही वकील छातीठोकपणे सांगणार नाही.

डॉक्टरांची वेळ आजच घ्या. त्यांच्या दाखल्यावर आणि नेमणुकीच्या कागदावर एकाच दिवसाची तारीख हवी.