हळदीच्या सौद्यांची यादी हळू उघडते. जँगोचं ओआरएम (पायथन कोडवरून डेटाबेसच्या क्वेऱ्या आपोआप बनवणारा भाग) सोडून थेट एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची भाषा, लिहू का?

एवढ्यासाठी नको. सांगली मार्केट यार्डातल्या २०० सौद्यांच्या यादीत प्रत्येक ओळीला शेतकऱ्याचं नाव दाखवताय ना? मग सौद्यांची एक आणि नावांच्या २००, अशा २०१ क्वेऱ्या (डेटाबेसला विचारणा) जातात. ओआरएमचं सिलेक्ट-रिलेटेड (select_related) लावा, सौदे आणि शेतकरी ही दोन्ही टेबलं जोडली जाऊन (जॉइन) एकच क्वेरी उरेल. जँगोच्या डीबग टूलबारमध्ये (पानामागच्या क्वेऱ्या दाखवणारं साधन) आकडा बघून घ्या.

हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याची चढती बाकी, असला अहवाल मात्र थेट एसक्यूएलमध्ये विंडो फंक्शननं (ओळी तशाच ठेवून ओळीगणिक बेरीज करत जाणारी सोय) काढा. (ओआरएममध्येही जमतो, पण तो कोड नंतर वाचायला अवघड जातो.) तिथं नाव, तारीख क्वेरीच्या मजकुरात चिकटवू नका. त्यांच्या जागी पर्सेंट-एस (%s) ही खूण ठेवून मूल्यं वेगळी द्या. त्या खुणेभोवती अवतरणचिन्हंही नकोत, नाहीतर इंजेक्शनला (भरलेल्या मजकुरातून क्वेरीत घातक एसक्यूएल घुसवणं) दार उघडंच.