गरोदर बायकोची व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली आहे. मला काहीच त्रास नाही, तरी मीही तपासणी करायची का?

करायची. उद्याच करा. व्हीडीआरएल ही सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराची पहिली रक्तचाचणी. "मला काही होत नाही, मी कशाला सुई टोचून घेऊ?" हे माझ्या धाकट्या बहिणीचा नवराही म्हणाला होता.

तिला पाचवा महिना होता. नाव नोंदवताना रक्त तपासलं, तर व्हीडीआरएल पॉझिटिव्ह, मागोमाग खात्री करणारी टीपीएचए चाचणीही पॉझिटिव्ह. म्हणजे सिफिलिस. कधी काही फोड-बीड आल्याचं तिला आठवेना. आठवणार कसं? पहिला व्रण दुखत नाही, बाईला तो आत असला तर दिसतही नाही, आणि औषधाशिवाय ३ ते ६ आठवड्यांत भरतो. जंतू अंगातच राहतात. लागण कधीची ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून आठवड्याच्या अंतराने बेन्झाथिन पेनिसिलिनचे तीन डोस. दुधासारखं पांढरं, घट्ट औषध; दर वेळी दोन्ही कुल्ल्यांत १२-१२ लाख युनिट. घरी येताना रिक्षात ती अवघडून बसायची.

जावई एकदाही सोबत आला नाही. सासूबाई म्हणाल्या, "माहेरून घेऊन आली." टायटर, म्हणजे रक्तातली व्हीडीआरएलची पातळी, १:१६ वरून सातव्या महिन्यात १:४ वर आलं, आणि नवव्यात थेट १:३२. नवऱ्याकडून पुन्हा लागण. बाळाला जन्मल्यापासून १० दिवस शिरेतून पेनिसिलिन द्यावं लागलं. आता पोर धडधाकट आहे, पण ते दहा दिवस माझ्या बहिणीने काढलेत.

तेव्हा उपचार दोघांचे एकत्रच, आणि ते पुरे होईपर्यंत संबंध नकोत. एचआयव्हीचीही तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, सगळं मोफत होतं. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन केलात तरी माहिती मिळते.

हां, नुसती व्हीडीआरएल गरोदरपणात किंवा मलेरियातही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे आधी टीपीएचए बघा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगा. तुम्हाला दुसरं औषध चालेल, गरोदर बाईला मात्र पेनिसिलिनच लागतं.

आणि कोणाकडून कोणाला आलं, हे कुठलाच रिपोर्ट सांगत नाही. हा आजार वर्षानुवर्षं लपून राहतो. घरात कोणी तिचं माहेर काढलं तर मध्ये तुम्ही बोला. आमचा जावई तेव्हा गप्प बसला, त्याला मी अजून माफ केलेलं नाही.