कमी वीज, कमी जागा: एफआयआर फिल्टरचा प्रोजेक्ट घ्यावा का?

प्रश्न (थोडक्यात): मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षासाठी सरांनी ‘लो पॉवर, एरिया एफिशियंट एफआयआर फिल्टर’ हा विषय सुचवलाय, म्हणजे सिग्नलमधल्या नको त्या फ्रिक्वेन्सी गाळणारं, कमी वीज आणि कमी जागा घेणारं सर्किट. सीनियर म्हणतात, हा विषय दरवर्षी कुणीतरी करतंच, मुलाखतीत त्याला किंमत नाही. मला चिप डिझाइनमध्येच जायचं आहे. बाबा विचारतात की कर्ज काढून दीड लाखाचा व्हीएलएसआय (चिप डिझाइनचा) कोर्स लावायचा का? (एक विद्यार्थिनी, सांगली जिल्हा)

उत्तर:

विषय घे. तो जुना आहे हे सीनियरचं म्हणणं खरं, पण किंमत विषयाला नसते, तू मांडलेल्या आकड्यांना असते. रिझ्युमेवर ‘पॉवर ३५ टक्के कमी केली’ असं लिहिलंस की समोरचा इंजिनिअर पहिल्यांदा विचारणार, ‘कशाच्या तुलनेत? कशी मोजली?’ बहुतेक मुलं इथेच गप्प होतात. तुला तिथे बोलता यावं, एवढ्यासाठी हे पत्र जरा तांत्रिक लिहितेय.

व्हेरिलॉग (सर्किट लिहायची भाषा) उघडण्याआधी फिल्टरची गरज कागदावर मांड. उदाहरण घेऊ: ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचा आवाज, ४ किलोहर्ट्झपर्यंत सगळं जाऊ द्यायचं, ६.४ च्या पुढचं ६० डेसिबलने दाबायचं. टॅप म्हणजे एकेक सॅम्पल आणि त्याला गुणायचा ठरलेला आकडा, म्हणजे कोएफिशियंट. असे टॅप किती लागतील याचा सोपा अंदाज असा: डेसिबलच्या आकड्याला २२ गुणिले ट्रान्झिशनच्या (४ ते ६.४ मधल्या पट्ट्याच्या) रुंदीने भागायचं, आणि ती रुंदी सॅम्पलिंग रेटच्या प्रमाणात धरायची. २.४ भागिले ४८ म्हणजे ०.०५. ६० भागिले १.१ म्हणजे साधारण ५५ टॅप. पायथनच्या सायपाय लायब्ररीतलं रेमेझ फंक्शन कोएफिशियंट काढून देतं, एखाददुसरा टॅप कमीजास्त करावा लागेल. लिनिअर फेज (सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच उशीर करणाऱ्या) फिल्टरचे कोएफिशियंट दोन्ही बाजूंनी सारखे असतात, म्हणून जोडीतले दोन सॅम्पल आधी बेरीज करून घेतले की ५५ ऐवजी २८ गुणाकारांत काम भागतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: एका सॅम्पलमागे क्लॉकच्या किती सायकल मिळतात? बेसिस ३ या एफपीजीए (हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपच्या) बोर्डचा क्लॉक १०० मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे ४८ किलोहर्ट्झच्या दोन सॅम्पलमध्ये २,०८३ सायकल. गुणाकार २८ आणि सायकल दोन हजार, तरी प्रोजेक्टमध्ये २८ किंवा चक्क ५५ मल्टिप्लायर समांतर बसवलेले दिसतात आणि मग त्यांचा आकार कमी करण्यात अख्खं सेमिस्टर जातं. इथे एकच मल्टिप्लायर पुरतो. सॅम्पलमागे ३२ सायकल धरल्या तर १.५३६ मेगाहर्ट्झचा क्लॉकही पुरे. बोर्डवरच्या आर्टिक्स ७ चिपमधला एमएमसीएम (क्लॉक तयार करणारा भाग) ४.६९ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही, त्यामुळे असा संथ क्लॉक त्यातून थेट मिळणार नाही. क्लॉक एनेबल वापर, नाहीतर बीयूएफजीसीई (क्लॉक सुरक्षितपणे चालू-बंद करणारा तयार बफर). साध्या अँड गेटमधून क्लॉक कधीही अडवू नकोस. एनेबल चुकीच्या क्षणी बदललं तर अर्धवट पल्स निघतो आणि फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट साठवणारे घटक) वाटेल ते पकडतात.

एक मल्टिप्लायर फिरवून वापरताना सॅम्पलची साठवणही बदल. शिफ्ट रजिस्टर ठेवलंस तर प्रत्येक नव्या सॅम्पलला ५४ गुणिले १६ म्हणजे ८६४ फ्लिप-फ्लॉपमधला डेटा पुढे सरकतो. छोट्या रॅममध्ये सर्क्युलर बफर (शेवटाला पोचल्यावर पुन्हा सुरुवातीपासून लिहिणारी साठवण) केलास तर एकच शब्द लिहायचा आणि पत्ता एकाने वाढवायचा. वीज वाचते ती अशा ठिकाणी. डायनॅमिक पॉवर म्हणजे स्विचिंगचं प्रमाण गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले क्लॉक. नुसता क्लॉक उतरवला तर पॉवर कमी दिसते, पण प्रत्येक गणिताला लागणारी ऊर्जा तेवढीच राहते. व्होल्टेज ०.८ पट केलं तरच ती ०.६४ पट होते. बोर्डवर व्होल्टेज तुझ्या हातात नाही, म्हणून स्विचिंगच्या मागे लाग.

याच उदाहरणात आणखी एक मोठी बचत आहे. ६.४ किलोहर्ट्झच्या वर काही उरत नसेल, तर बाहेरचा रेट ४८ वरून १६ किलोहर्ट्झवर आणता येतो. मग तीनपैकी दोन आउटपुट फेकून द्यायचेच असतात, ते काढायचेच कशाला? सेकंदाला १३,४४,००० गुणाकार लागत होते, ते ४,४८,००० वर येतात. मल्टिप्लायरला हातही न लावता दोन तृतीयांश काम संपलं. हा विचार दाखवणारा विद्यार्थी मला क्वचित दिसतो.

कॅनॉनिक साइन्ड डिजिटबद्दलही (गुणाकाराऐवजी बेरीज-वजाबाकीने काम भागवण्याची पद्धत) सरांनी सांगितलं असेल. सॅम्पल आणि क्लॉक एकाच वेगाचे असतात, म्हणजे रेडिओ रिसीव्हरसारख्या कामात, तिथे ही पद्धत खरी शोभते. कोएफिशियंट २३१ घे. बायनरीत तो १११००१११, सहा एक, म्हणजे बेरीज करणारे पाच अ‍ॅडर. साइन्ड डिजिटमध्ये २५६ − ३२ + ८ − १, म्हणजे तीन. पण २३१ म्हणजे ७ गुणिले ३३ हेही पाहा: ८ मधून १ वजा करून ७, आणि तो ७ पाच जागा सरकवून स्वतःतच मिळवला की २३१. फक्त दोन अ‍ॅडर! ट्रान्सपोज्ड फॉर्म नावाच्या मांडणीत एकच इनपुट सगळ्या कोएफिशियंटना जातो, त्यामुळे असे मधले तुकडे वाटून घेता येतात. त्याची किंमत रजिस्टरमध्ये मोजावी लागते, कारण तिथे १६ बिटचे सॅम्पल साठत नाहीत, रुंद बेरजा साठतात. शिवाय कोएफिशियंट कायमचे गोठतात, म्हणून चालताना कोएफिशियंट बदलणाऱ्या अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टरला हा मार्ग बंद.

एफपीजीएवर मात्र हे करून अनेकांची फसगत होते. बेसिस ३ च्या चिपमध्ये ९० डीएसपी स्लाइस (गुणाकार-बेरजेचे युनिट) तयारच आहेत. त्या रिकाम्या ठेवून गुणाकार लुकअप टेबलांमध्ये (एफपीजीएच्या साध्या लॉजिकच्या तुकड्यांत) अ‍ॅडरने केला तर जागाही जास्त जाते आणि वीजही वाढू शकते. म्हणून अ‍ॅडर-गिनतीचा भाग एएसिक फ्लोवर (एकाच कामासाठी घडवलेल्या चिपच्या डिझाइन-टूलवर) कर: योसिस, ओपनरोड आणि स्कायवॉटरचं १३० नॅनोमीटर पीडीके (चिप कारखान्याच्या डिझाइन-फाइल), सगळं फुकट आहे. योसिसच्या स्टॅट कमांडला लिबर्टी फाइल (प्रत्येक गेटची माहिती असलेली) दिलीस की सेलचं क्षेत्रफळ चौरस मायक्रॉनमध्ये मिळतं.

बिटरुंदीवर एक पूर्ण आठवडा घालव. ६० डेसिबलसाठी १२ बिटचे कोएफिशियंट साधारण पुरतात, दर बिटला ५ डेसिबल असा ढोबळ हिशेब. क्वांटाइझ केल्यावर (कोएफिशियंट १२ बिटांत बसवल्यावर) रिस्पॉन्स पुन्हा काढ. स्टॉपबँड (दाबायचा पट्टा) ६० वरून ५२ वर घसरला असेल तर वाचलेली जागा ही बचत नाही, तो वेगळाच फिल्टर झाला. अ‍ॅक्युम्युलेटरला (बेरजा साठवणाऱ्या रजिस्टरला) आंधळेपणाने १६ + १२ + ६ असे ३४ बिट देतात. त्याऐवजी कोएफिशियंटच्या निरपेक्ष किमतींची बेरीज कर. मूळ अपूर्णांकांत ती दोनच्या आत असेल आणि तू त्यांना २,०४८ ने गुणलं असशील, तर २८ बिट पुरतात. मधली बेरीज टूज कॉम्प्लिमेंटमध्ये (ऋण आकडे लिहायच्या नेहमीच्या बायनरी पद्धतीत) ओव्हरफ्लो झाली तरी चालतं, अंतिम उत्तर मावलं की झालं. शेवटी खालचे बिट नुसते कापू नकोस, त्याने आउटपुट सतत खाली सरकतो. अर्धा एलएसबी (ठेवायच्या सर्वांत खालच्या बिटाच्या किमतीचा अर्धा) मिळवून मग काप.

आता मोजमाप, जिथे बहुतेक रिपोर्ट कोसळतात. विवाडोला (बोर्डसाठीच्या डिझाइन टूलला) स्विचिंगची माहिती दिली नाही तर ते १२.५ टक्के टॉगल रेट गृहीत धरतं. त्या आकड्यावर दोन डिझाइनची तुलना करण्यात काही अर्थ नाही. इम्प्लिमेंटेशननंतरचं टायमिंग सिम्युलेशन काही हजार सॅम्पलवर चालव, साइफ फाइल (स्विचिंगची नोंद) काढ आणि ती रिपोर्ट पॉवरला दे. आरटीएल (मूळ व्हेरिलॉग कोडच्या) सिम्युलेशनमध्ये ग्लिच (क्षणिक फालतू स्विचिंग) दिसत नाहीत, आणि लांब अ‍ॅडर-साखळीत त्यांचा वाटा मोठा असतो. पाइपलाइनचं एखादं रजिस्टर घातल्याने वीज कमी का होते, हे तिथेच उमगतं. इनपुटला बोललेला आवाज आणि व्हाइट नॉइज दोन्ही दे. हळू आवाज शून्याभोवती खालीवर होतो तेव्हा टूज कॉम्प्लिमेंटमध्ये वरचे सगळे बिट एकदम उलटतात, म्हणून दोन्हींचे आकडे वेगळे येतील. स्टॅटिक पॉवर (काहीच स्विच होत नसतानाही लागणारी वीज) वेगळी दाखव, ती चिपची असते, तुझ्या डिझाइनची नव्हे.

तुलनेसाठी आधार प्रामाणिक ठेव. तुझ्या फिल्टरसमोर सिमेट्री न वापरलेला ५५ मल्टिप्लायरचा पुतळा उभा करू नकोस. समोर सिंथेसिस टूलने स्वतः बनवलेला २८ गुणाकारांचा फिल्टर असू दे. स्पेसिफिकेशन, बिटरुंदी, क्लॉक आणि इनपुट फाइल चारही सारखी. फायदा ३५ ऐवजी ११ टक्के आला तरी तोच लिही, कारण त्या ११ चा हिशेब तू सांगू शकशील.

नोकरीचं सांगायचं तर या एका प्रोजेक्टमधून आरटीएल डिझाइन आणि व्हेरिफिकेशन (डिझाइन तपासणं) ही दोन्ही दारं उघडतात. फ्रेशरला व्हेरिफिकेशनमध्ये जागा सहसा जास्त असतात, तेव्हा पायथनमधलं मॉडेल आणि व्हेरिलॉगचं आउटपुट बिटन्‌बिट जुळवणारा टेस्टबेंच स्वतः लिही. सगळ्या सॅम्पलची कमाल किंमत, किमान किंमत आणि दोन्ही आलटून पालटून, हे इनपुट त्यात हवेतच. डीएसपी आर्किटेक्चरमध्ये खोल जायचं असेल तर गेटचा ईसी पेपर देऊन एमटेक हा सरळ रस्ता. व्हीएनआयटी नागपूर आणि आयआयटी मुंबई दोन्हीकडे या क्षेत्रात शिकता येतं.

बाबांना सांग, दीड लाखाचा निर्णय सहा महिने थांबवा. आधी कॉलेजमध्ये चौकशी कर की ते केंद्र सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रमात आहे का. असेल तर बेंगळुरूच्या सी-डॅकमधल्या चिपइन सेंटरमार्फत महागडी टूल वापरायला मिळू शकतात. नसेल तरी वर सांगितलेली फुकट टूल आणि जुना लॅपटॉप पुरतो. प्रोजेक्ट संपल्यावर कोर्सचा अभ्यासक्रम काढून बस आणि जे येतं त्यावर फुली मार. अर्ध्याहून जास्त भाग उरला आणि त्यात यूव्हीएम (व्हेरिफिकेशनची एक पद्धत) व टायमिंग अ‍ॅनालिसिस असेल, तरच फीबद्दल बोलायला जा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्या संस्थेकडे मागच्या दोन बॅचमधल्या मुलांचे संपर्क माग, आणि पैसे भरण्याआधी त्यांच्याशी स्वतः बोल.