घरकुल योजना असूनही माणसं पुलाखाली का झोपतात?

तुम्ही विचारलंय की घरकुलाच्या योजना आहेत, पैसाही येतो, तरी संभाजीनगरात स्टेशनबाहेर, पुलाखाली लोक का झोपतात, आणि राजकीय इच्छाशक्ती नेमकी कुठं कमी पडते? माझ्या मते ती जागेपाशी कमी पडते.

पंतप्रधान आवास योजना शहरी भागात 2015 ला आली. तिच्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. पण अर्जासोबत पीआर कार्ड (जागेच्या मालकीचा सरकारी उतारा) नाहीतर रजिस्ट्री जोडावी लागते. ज्याला जागाच नाही, त्याचा या अनुदानाचा अर्ज खिडकीवरच थांबतो.

पुलाखालच्या एका मावशींनी मला त्यांचे कागद दाखवले होते. कॅरीबॅगच्या आत कॅरीबॅग, तिच्यात लॅमिनेशन केलेलं आधार, गावाकडचं रेशन कार्ड, लेकराचा शाळेचा दाखला. सगळ्यांवर पत्ता गावचा. गावात ना शेत ना काम. इथं रोज हाताला काम मिळतं, पण खोलीचं डिपॉझिट भरायला एकरकमी पैसे जमत नाहीत.

निवारा केंद्रं हवीतच. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच सांगितलं होतं की मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागं एक, तेही बारा महिने चोवीस तास. 2011 च्या जनगणनेत आपलं शहर पावणेबारा लाखांचं होतं, म्हणजे तेव्हाच किमान अकरा लागत होती. पण बायको एका हॉलमध्ये, नवरा दुसऱ्या, आणि सकाळी मजूर अड्डा लांब, असं असेल तर कुटुंब तिथं जात नाही. त्यांना कमी भाड्याची, डिपॉझिट नसलेली खोली पाहिजे, कामाच्या जवळ.

हे सरकारला जमत नाही असं मराठवाड्यात तरी कुणी म्हणू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. जागतिक बँकेचं कर्ज आणलं, जमीन संपादित केली, प्लॉट पाडले, घरं बांधून दिली. उणिवा राहिल्या, वसाहती ऐसपैस पसरल्या, जुना शेजार तुटला. पण भूकंपग्रस्ताला कुणी ‘आधी जागा दाखव’ म्हणालं नाही! शहरातही सुरुवात तिथूनच व्हायला पाहिजे: विकास आराखड्यात गरिबांच्या घरांसाठी आरक्षण टाकायचं, ते बिल्डरसाठी उठवायचं नाही, आणि पालिकेनं तिथं भाड्याच्या खोल्या बांधायच्या.

नगरसेवक हे सभागृहात का मांडत नाही? त्याच्या मतदार यादीत ही माणसं नाहीत म्हणून. हे मात्र तुम्हा-आम्हाला बदलता येतं. मतदार नोंदणीचा फॉर्म 6 भरताना बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही; बीएलओनं, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या स्थानिक कर्मचाऱ्यानं, रात्री त्या ठिकाणी जाऊन तो तिथंच झोपतो याची खात्री करायची असते. बऱ्याच जणांना हा नियम ठाऊक नसतो, म्हणून फॉर्म भरायला स्वतः सोबत जा, आणि बीएलओ रात्री येईल तेव्हाही तिथं थांबा.